टाकीखालची पंगत

"फुटकंच लागतं, का धड असलं तरी चालतं?"

मी शिडीवर होते आणि तोंडात खडू धरलेला होता, त्यामुळे उत्तर द्यायला जरा वेळ लागला. वाकून पाहिलं तर खाली विमलकाकू मगदूम उभ्या. हातात पिशवी नाही, डबा नाही. पदर खांद्यावरून पुढे घेतलेला आणि चेहरा नुकतंच देवदर्शन करून आल्यासारखा शांत.

"धड आणलंत तरी आम्ही फोडणारच, काकू," मी म्हटलं. "पण धड वस्तू कोण देतंय?"

"तेच म्हणतेय मी. आधी फुटायला पाहिजे," असं म्हणून काकू आल्या तशा निघून गेल्या.

खाली दस्तगीर पांढरं सिमेंट कालवत होता. दस्तगीर मुजावर म्हणजे माझा फरशीवाला आणि या धंद्यातला माझा अर्धा भागीदार. त्याने घमेल्यातून मान वर केली. "मॅडम, ह्या काकू कायतरी करणार. माझ्या आईचं कायतरी फुटायच्या आधी माझ्या बायकोचं तोंड असंच दिसतं."

या गोष्टीला आता वीसएक वर्षं झाली. मिरजेच्या बाहेरच्या अंगाला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या लोकांची एक कॉलनी होती. कॉलनीच्या मधोमध पाण्याची उंच टाकी, टाकीखाली गोल ओटा आणि ओट्याच्या कडेने अर्ध्या चंद्रकोरीसारखी लांब, बाकदार भिंत. त्या भिंतीची अवस्था अशी होती, की टाकीतलं पाणी पिताना तिच्याकडे बघू नये. पानाच्या पिचकाऱ्या, निवडणुकीचे कागद आणि कुणाकुणाच्या मूळव्याधीवरच्या खात्रीशीर औषधांच्या जाहिराती. कॉलनीच्या समितीने ठरवलं की इथे कायमस्वरूपी चित्र करायचं, रंगाचं नाही, चिनीमातीच्या तुकड्यांचं, म्हणजे कुणी थुंकलं तरी पुसता येईल. आणि ते काम मला मिळालं. माझं वय तेव्हा अठ्ठावीस. याआधी मी एका बालवाडीच्या दारावर मोर आणि एका दवाखान्यात मासे केले होते. एवढी मोठी भिंत पहिलीच.

समितीचे अध्यक्ष भूपाल मगदूम, म्हणजे विमलकाकूंचे यजमान. उंच, ताठ माणूस. ऊन असो नसो, हातात छत्री. कॉलनीतले सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांच्या मनात भिंतीवर धरण होतं. सगळे दरवाजे उघडलेले, पाणी फेसाळतंय आणि एका कोपऱ्यात दुर्बिणीतून मोजणी करणारा एक तरुण ओव्हरसिअर. हा ओव्हरसिअर कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण बैठकीच्या दिवशी बायकांचं अख्खं भिशीमंडळ येऊन मागच्या खुर्च्यांवर बसलं. मी दोन कच्ची चित्रं नेली होती. एक धरणाचं, दुसरं पंगतीचं. भिंतभर लांब पंगत बसलेली, म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या, वाढपी, आणि प्रत्येकापुढे ताट.

"जेवणारी माणसं?" साहेब म्हणाले. "बाहेरचे लोक काय म्हणतील? ही कॉलनी खादाडांची आहे?"

"धरण बघून काय म्हणतील?" मागून एक आवाज आला. "यांच्याकडे पाण्याची तंगी आहे, म्हणून चित्र काढून ठेवलंय."

सगळे हसले. हात वर करून मत घ्यायची सूचना साहेबांनीच केली आणि ती त्यांना महागात पडली. पंगत जिंकली. साहेब पडलेलं मत मानणारे होते. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी छत्री टेकत येऊन ते पंगत सरळ रेषेत बसलीय की नाही ते एक डोळा मिटून तपासायला लागले.

मी कॉलनीत सांगून ठेवलं होतं की घरातले फुटके कप, बशा, बरण्या टाकू नका, टाकीखाली आणून द्या. चित्रातली ताटं मला खऱ्या ताटांच्या तुकड्यांतून करायची होती. लोकांनी दिलंही. त्यातून एक गंमत अशी झाली, की कुणाच्या घरात काय फुटतं ते सगळ्यांना कळायला लागलं. ज्या वहिनी आपले कप परदेशातून आले म्हणून सांगायच्या, त्यांच्या कपाच्या बुडाला कोल्हापूर रस्त्यावरच्या एका खानावळीचं नाव निघालं. त्या दिवसापासून सगळ्या बायका तुकडे देताना आधी उलटे करून बघायला लागल्या. पण या सगळ्या मालात निळा रंग नव्हता. पिवळा होता, मरून होता, गुलाबी फुलं तर टोपलीभर. ताटांच्या काठाला मला गडद निळा हवा होता आणि तो कॉलनीत एकाच घरात होता.

ते मला काकूंनी चहाला बोलावलं तेव्हा कळलं.

मगदुमांच्या दिवाणखान्यात शिरलं की समोर शोकेस. सागवानी, सरकत्या काचेची, काचेला बारकं कुलूप. आत डिनरसेट. दुधासारखा पांढरा, काठाला निळी पट्टी आणि पट्टीच्या आत केसाएवढी सोनेरी रेघ. मोठ्या बशा, लहान बशा, खोलगट बशा, आणि मधोमध झाकणाचं एक भलंमोठं भांडं, त्याला दोन कान. ते कशासाठी असतं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"धरणाचं काम पूर्ण झालं तेव्हा आमचे मोठे साहेब बदलून गेले," मगदूमसाहेब म्हणाले. "जाताना त्यांनी हा माझ्या हातात दिला. एवढा मोठा स्टाफ होता, पण दिला मला. आजवर एकाही बशीला टवका नाही."

"यात जेवायला मजा येत असेल," मी सहज म्हटलं.

"जेवायला तशी माणसं यावी लागतात," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून झाकण जरा जोरात पडलं. मग त्या चहा घेऊन आल्या. माझा चहा स्टीलच्या पेल्यात होता.

फाटकापर्यंत सोडायला त्या आल्या आणि तिथे त्यांनी स्वच्छ सांगितलं. "वृंदा, तो सेट फुटला तर तुला सगळा देते. पण मी फोडणार नाही. अपघात व्हायला पाहिजे."

"अहो, पण का?"

"दर रविवारी पुसून पुसून कंटाळा आलाय मला. हे स्वतः कुलूप काढून समोर खुर्ची टाकून बसतात आणि मी पुसते. इतकी वर्षं. आणि मी फोडला तर म्हणतील, विमलनं फोडला. आयुष्यात कधी भांडं आपटलं नाही मी. आता म्हातारपणी कशाला नाव लावून घेऊ?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. खरं म्हणजे मला निळा रंग दिसत होता, त्यामुळे काहीही पटलं असतं.

पहिला अपघात मांजरावर सोपवला होता. रविवारी साहेबांनी कुलूप काढलं, काकूंनी फडकं घेतलं आणि मागच्या दारातून कॉलनीतली सगळ्यात आगाऊ मांजर आत आली. आली म्हणजे काकूंनी दुधाच्या वाटीने तिला आणली. मांजरीने शोकेसमध्ये उडी मारली, बशांच्या चळतींमधून एकाही बशीला शेपूट न लावता मागच्या कोपऱ्यात गेली आणि त्या दोन कानांच्या भांड्याला टेकून झोपली. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "बघ, जनावरालासुद्धा कळतं."

दुसऱ्या वेळी काकूंनी भाचेजावयाला जेवायला बोलावलं. चिंतामणी नावाचे हे गृहस्थ उगारहून यायचे आणि त्यांच्या हातात काही टिकत नाही, अशी त्यांची सगळ्या नात्यात ख्याती होती. स्वतःच्या लग्नात त्यांनी अंतरपाटात पाय अडकवून भटजींना पाडलं होतं. काकू साहेबांना म्हणाल्या, "जावयांना सेट दाखवा की. त्यांनी कधी नीट बघितला नाही." साहेबांनी उत्साहाने एक मोठी बशी त्यांच्या हातात दिली. आपली ख्याती चिंतामणरावांना माहीत होती. त्यांनी श्वास रोखून बशी बघितली, दोन्ही हातांनी परत केली आणि सुटकेच्या आनंदात दोन पावलं मागे सरकून काचेच्या टीपॉयवर बसले. टीपॉयची काच काकूंनी मला दुसऱ्या दिवशी आणून दिली. ती माझ्या काही उपयोगाची नव्हती.

तिसऱ्या वेळी पाळी माझ्यावर आली.

"तू रंग जुळवायला एक बशी माग," काकू म्हणाल्या. "बाहेरच्या माणसाच्या हातून पडली तर हे कुणाला बोलणार?"

मी मागितली. साहेबांनी बशी दिली नाही. टॉवेलात गुंडाळून ती ते स्वतः घेऊन आले आणि भिंतीपुढे दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. "हात लावू नका. डोळ्यांनी बघा."

आमचं आधी ठरलं होतं, की शिडी हलवताना दस्तगीरने त्यांना जरासा धक्का द्यायचा. दस्तगीरने शिडी उचलली, साहेबांच्या मागे आला, थांबला, आणि शिडी घेऊन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. मी उगाच इकडचा तिकडचा तुकडा बशीशेजारी धरून बघत होते आणि साहेब मला प्रत्येक तुकड्याबद्दल सांगत होते, "नाही, हा जांभळट आहे. हा मळका आहे. असा निळा तुम्हाला मिळणार नाही." त्यांचं बरोबर होतं.

ते गेल्यावर मी दस्तगीरला विचारलं.

"म्हातारा माणूस आहे, मॅडम," तो म्हणाला. "पडला असता. बशीसाठी माणूस कोण पाडतं?"

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर बसून खूप हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बास झालं. उघडच करू आता."

त्या आठवड्यात साहेबांना सांगलीला पेन्शनरांच्या सभेला जायचं होतं. सकाळी गेले की उन्हं कलल्यावरच परत यायचे. काकू आदल्या दिवशी येऊन आम्हाला बजावून गेल्या. "उद्या डबा आणू नका. दस्तगीर, तू पक्कड आण."

दस्तगीरला वाटलं टाइल तोडायची पक्कड. पण काकूंना खिळे काढायची हवी होती. शोकेसची किल्ली साहेबांच्या खिशात असायची, कुठेही जाताना ती बरोबर जायची. शोकेसची पाठ मात्र नुसत्या पातळ फळीची होती. आम्ही दोघांनी शोकेस भिंतीपासून पुढे ओढली, दस्तगीरने एकेक खिळा अलगद उपटला आणि सगळा सेट मागून बाहेर निघाला. पुढचं कुलूप जसंच्या तसं बंद.

"हे बरं नाही होत," दस्तगीर म्हणत होता आणि खिळे नीट कागदात बांधून ठेवत होता.

दोन कानांचं भांडं तेवढं मागच्या चौकटीतून निघेना, म्हणून ते आत राहिलं. बाकी बशा भिशीमंडळाच्या बायकांनी हातोहात टाकीपर्यंत नेल्या. दारोदारची माणसं बघायला बाहेर आली. काकू सगळ्यांना म्हणत होत्या, "या, जेवायला या. फक्त घरून ताटं आणू नका."

मला वाटलं होतं की बशा येतील आणि लगेच फुटतील. पण ओट्यावर सतरंज्या पसरलेल्या होत्या. मोठ्या पातेल्यात हुग्गी होती, खपली गव्हाची, गूळ घालून केलेली दाट खीर. आमटी, भात, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर. काकू पहाटेपासून राबत असणार. भिंतीवरची अर्धवट पंगत आणि तिच्यासमोर ही खरी पंगत, अशी सगळी माणसं बसली. निळ्या काठाच्या बशा पुढे आल्या तेव्हा मोठमोठ्याने बोलणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. एक आजी तर बशीला डाव्या हाताने धरून बसल्या, जणू ती उडून जाईल.

"काकू, मला पानावर वाढा," दस्तगीर म्हणाला. "माझ्या हातून काहीतरी होईल."

"पान नाही माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "बस."

तो बसला. काकू वाढायला लागल्या, आग्रह सुरू झाला, कुणीतरी पहिल्यांदा आवाज करून आमटी भुरकली आणि मग सगळे मोकळे झाले. इतक्या वर्षांत त्या सेटच्या नशिबात नव्हता एवढा गलका झाला. मी माझ्या बशीचा तळ बघायला म्हणून भराभर खात होते. तळाशी एक छोटं निळं फूल होतं. तेवढ्यात गलका एका बाजूने विझत आला, दिवे जातात तसा, एकेक घर करत.

मगदूमसाहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात मिटलेली छत्री. सभा रद्द झाली होती, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांची नजर पहिल्या बशीपासून शेवटच्या बशीपर्यंत गेली आणि परत आली. त्यांचा हात खिशाकडे गेला. किल्ली होती.

कुणी घास गिळेना. मी मनात ठरवून टाकलं की हे काम हातचं गेलं. दस्तगीरने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

"हातपाय धुवून या," काकू म्हणाल्या. "वाढते."

एवढी माणसं बघत होती. साहेब टाकीच्या नळावर गेले, हात धुतले, छत्री भिंतीला टेकवली आणि सतरंजीच्या टोकाला येऊन बसले. काकू ओट्यामागे ठेवलेल्या टोपलीपाशी गेल्या आणि तिच्यातून एक पितळी काढली. जुन्या काळची, उभ्या काठाची, जाड पितळेची थाळी. एका बाजूला पोचा. पण आतून चांदीसारखी चकचकीत, नुकती कल्हई करून आणलेली; साहेब परततील तेव्हासाठी आधीच आणून ठेवलेली असणार. ती त्यांनी साहेबांपुढे ठेवली आणि तिच्यात हुग्गी वाढली.

सगळ्या पंगतीत निळ्या काठाच्या बशा आणि एका साहेबांपुढे पितळी.

मला वाटलं, ही काकूंची चेष्टा, आणि जरा जास्तच झाली. बायकांनाही तसंच वाटलं असणार. एकदोघींनी पदराआड तोंड नेलं. पण साहेब पितळीकडे बघत राहिले. एवढ्या मोठ्या, ताठ माणसाची मान हळूहळू खाली आली.

"अजून लक्षात आहे तुझ्या," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की शेजारी बसलेल्या मलाच ऐकू आला.

"आबांच्याही होतं," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

साहेबांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग मान वर न करता म्हणाले, "तूप नाही वाढलंस." काकूंनी तूप वाढलं. पंगतीने श्वास सोडला. आजींनी आणखी पुरी मागितली.

जेवणं झाल्यावर साहेब उठून घरी गेले. छत्री विसरून गेले. मी आणि काकू टाकीखालच्या नळावर बशा विसळत होतो, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हत्या, बशीकडे बघत होत्या.

"सेट आला तेव्हा माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आबा, माझे वडील, पहिल्यांदाच लेकीचं घर बघायला आले. शिरोळकडून. एसटीनं निम्मी वाट आणि पुढची डोंगराची वाट चालत. डोक्यावर गुळाची ढेप. मला काय करू नि काय नको झालं. हुग्गी केली आणि ह्या नव्या बशीत वाढली. आबांनी बशी फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, विमल, तुझ्या घरी तर राजाचं जेवण. पहिला घास उचलला आणि हे कामावरून आले."

त्यांनी बशी नळाखाली धरली. पाणी नुसतंच वाहत होतं.

"रागावले नाहीत गं. हसत म्हणाले, अगं, हा सेट साहेबलोकांसाठी आहे, मामांना पितळीतच बरं पडेल. आणि आबांच्या पुढची बशी उचलली. घास आबांच्या हातातच. बशीतली हुग्गी पितळीत ओतली, आणि पितळी पुढे ठेवली. आबा म्हणाले, होय की जावईबापू, पितळीच बरी, माझा हात जड आहे. जेवले. पण त्यानंतर कधी माझ्या घरी जेवले नाहीत. कधीही आले की म्हणायचे, जेवूनच निघालोय. एवढ्या लांबून येणारा माणूस जेवून निघतो होय? आणि मी काय केलं त्या दिवशी? ती बशी धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली."

निळ्या रंगापायी मी या बाईच्या अपघातांची वाट बघत होते, असं काहीतरी डोक्यात आलं.

"आता हातोडी दे," काकू म्हणाल्या.

दस्तगीरने बशीवर गोणपाट टाकून दिलं, म्हणजे तुकडा डोळ्यात उडू नये. पहिली बशी त्यांनी डोळे मिटून फोडली. दुसरी उघड्या डोळ्यांनी. नंतर त्या इतक्या रमल्या की हातोडी चालवता चालवता शेजारणीला हुग्गीत किती गूळ घातला ते सांगत होत्या. आम्ही सोडवून घेतली नसती तर त्यांनी पार चुरा केला असता, आणि चुऱ्याचं मी काय करणार होते?

पुढे दोन दिवस साहेब फिरकले नाहीत. ते नसताना मी काकूंना विचारून पंगतीच्या एका टोकाला आबांना बसवलं. गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, पुढ्यात निळ्या काठाचं ताट. सगळ्या चित्रात ते ताट मी सगळ्यात निगुतीने जुळवलं. एका बशीच्या तळाचं निळं फूल अखंड राहिलं होतं. ते बरोबर मधोमध बसवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, कॉलनी झोपलेली असताना, मगदूमसाहेब आले. उन्हात छत्रीशिवाय. दोन्ही हातांत ते दोन कानांचं भांडं, झाकणासकट.

"हे राहिलं होतं," ते म्हणाले. "कुलूप काढून पुढून आणलंय." दस्तगीरने मान खाली घातली. साहेब त्याला म्हणाले, "फळी नीट काढलीस. लाकूड चिरलं नाही कुठे." आणि भांडं त्याच्या हातात दिलं. देताना त्यांचा हात थोडा जास्त वेळ भांड्यावर राहिला, एवढंच.

मग ते भिंतीपुढे उभे राहिले. आबांसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता रेष वाकडी आहे म्हणतील.

"फेटा नाही बांधायचे ते," साहेब म्हणाले. "पटका. पांढरा. आणि एक टोक कायम सुटलेलं असायचं."

मी गुलाबी तुकडे काढायला लागले. सिमेंट अजून ओलंच होतं, निघाले. साहेब तिथून हलेनात. आबांच्या पुढची जागा मोकळी होती. तिथे मी एक मांजर बसवणार होते. त्या मोकळ्या जागेकडे ते पुन्हा पुन्हा बघत होते, तेव्हा मीच विचारलं, "तुम्हाला बसवू का पंगतीत?"

त्यांनी विचार केला. "बसवू नका," ते म्हणाले. "वाढताना दाखवा. त्यांच्यापुढे."

"हातात काय देऊ?"

"हुग्गीचं पातेलं द्या. आणि वाकलेला दाखवा. उभ्याउभ्या वाढत नाहीत."

माणूस वाकतो तेव्हा पाठीची रेघ कशी येते हे मला नीट जमत नव्हतं. तसं मी सांगितल्यावर साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री केली आणि तिरप्या उन्हात दस्तगीरचं सिमेंटचं घमेलं हातात घेऊन भिंतीपुढे वाकून उभे राहिले. दस्तगीरने खडूने त्यांच्या सावलीची रेघ मारून घेतली. "आणखी जरा खाली, साहेब," तो म्हणत होता. "आणखी जरा." गरजेपेक्षा त्याने त्यांना जास्तच वाकवलं असा मला संशय आहे. साहेब कुरकुरले नाहीत.

तो वाढपी पूर्ण व्हायला आठवडा गेला. सांधे भरले, फडक्याने पुसले आणि काकूंना बोलावलं. संध्याकाळची वेळ, ओट्यावर माणसं जमलेली. साहेब जरा लांब उभे राहून टाकीच्या पाइपात काहीतरी बघत होते.

काकूंनी पटक्याच्या सुटलेल्या टोकावर बोट फिरवलं. ताटातल्या फुलावर फिरवलं. मग त्या वाढप्याकडे वळल्या आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून माझ्याकडे सरकल्या.

"एवढं वाकता येत नाही ह्यांना," त्या म्हणाल्या. "कंबर धरते."

"सरळ करू का थोडं?" मी विचारलं. "तुकडे काढून करता येईल अजून."

काकूंनी पाइपाकडे तोंड करून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "धरू दे."